खिळ्यावरची पिशवी

शुक्रवार, १७ जानेवारी. संध्याकाळी सात. डोंबिवली पश्चिम, भाऊसाहेबांच्या घराची पुढची खोली.

हजर : माई, म्हणजे भाऊसाहेबांची धाकटी बहीण. दादूस, तळमजल्यावर राहणारा रिक्षावाला. आणि मी.

गैरहजर : भाऊसाहेब. कारणाच्या रकान्यात माईंनी 'पूर्वसूचनेने' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

भाऊसाहेबांना जाऊन तीन दिवस झाले होते. सुतकात टीव्ही लावायचा म्हणून दादूस अवघडला होता. "शेजारचे काय बोलतील, माई?" माई म्हणाल्या, "बोलू देत. त्याने सांगून ठेवलंय, शुक्रवार चुकवायचा नाही. आवाज लहान ठेव." मग आम्ही तिघं आपापल्या जागी बसलो. भाऊसाहेबांची वेताची खुर्ची रिकामी होती. तिच्या हातावर स्टीलचा पेला होता आणि त्यात दोन घोट पाणी. ते माईंनीच ठेवलेलं.

हे हजेरीपत्रक भाऊसाहेबांचं. टीव्हीवरची मालिका बघायला घरातली माणसं जमली, तरी सह्या घ्यायच्या ही त्यांची पद्धत. दहा मिनिटं उशीर झाला की नावापुढे लाल शेरा. दादूसच्या नावापुढे इतके लाल शेरे होते की तो म्हणायचा, "भाऊसायेब, माज्या लायसनवर पण एवढे नाय."

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. आमच्या महसूल खात्यात कामासाठी येणारी माणसं समोरच्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, मग तो कोणी का असेना. पण यांना आम्ही कारकूनसुद्धा तेच म्हणायचो. ठाण्याच्या कार्यालयात ते अभिलेख कक्षाचे प्रमुख होते. मी नोकरीला लागले तेव्हा माझी पहिली नेमणूक त्यांच्या हाताखाली झाली. म्हणजे एक लांबट खोली, अठ्ठावीस लोखंडी मांडण्या, लाल कापडात बांधलेली दप्तरं आणि टाचण्यांची वाटी. स्टेपलर त्यांना चालत नसे. "स्टेपलर मारला की कागदाला वाटतं, झालं आपलं. टाचणी काढता येते, म्हणून कागद जागा राहतो."

त्यांचं खरं काम फाइल बंद करण्याचं. प्रकरण संपलं की वर 'दप्तरी दाखल' असे दोन शब्द लिहायचे, खाली सही, मग ती फाइल मांडणीवर. हे दोन शब्द ते सहजासहजी लिहीत नसत. साहेबांची सही झालेली फाइलसुद्धा ते पहिल्या पानापासून वाचत. एखाद्या अर्जदाराने चौथ्या पानावर विचारलेल्या प्रश्नाला कुठेच उत्तर नसेल, तर फाइल परत साहेबांच्या टेबलावर. सोबत चिठ्ठी. साहेब वैतागत. "अहो, निर्णय झालाय ना?" भाऊसाहेब म्हणत, "शेवट झालाय, साहेब. निकाल नाही झाला."

या दोन शब्दांत ते फार मोठा फरक धरत. शेवट आपोआप होतो, त्याला कोणी लागत नाही. निकाल मात्र कोणीतरी द्यावा लागतो, आणि देणाऱ्याचं नाव खाली असावं लागतं.

निवृत्त झाल्यावर हीच पद्धत त्यांनी रहस्यमालिकांना लावली. मारामारीच्या, पाठलागाच्या मालिका त्यांना नको असत. संथ हव्यात. पहिले चार भाग काही घडतच नाही, माणसं नुसती चहा पितात आणि खिडकीबाहेर बघतात, अशा. प्रत्येक मालिकेची एक फाइल. डाव्या बाजूला टिप्पणी, उजव्या बाजूला प्रश्नांची यादी. प्रत्येक भागानंतर जे जे डोळ्यांना खटकलं ते यादीत चढायचं आणि पुढे उत्तर मिळालं की खूण व्हायची. मी पाहिल्या त्या सात फाइली. सहांवर निकाल लिहिलेला आहे. एकीवर : 'समाधानकारक. सर्व प्रश्नांची उत्तरे. दप्तरी दाखल.' दुसरीवर : 'खुनी म्हणून आधी कधीच न दिसलेला मनुष्य शेवटच्या भागात आणला. फेटाळले.' तिसरीवरचा शेरा तिरका होत गेलेला आहे : 'दुसऱ्या सीझनच्या आशेवर सोडले. हे प्रकरण प्रलंबित नसून फसवणुकीचे आहे.'

मी तिथे कशी गेले, ते सांगते. दीड वर्षापूर्वी त्यांचा फोन आला. मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा कल्याणच्या दवाखान्यात डायलिसिस चालू होतं, हे मला तेव्हाच कळलं. ते त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि म्हणाले, "बाई, शुक्रवारी मोकळ्या असाल तर येत जा. एक प्रकरण बघायला घेतोय. तुमची यादी चांगली असते."

माझी यादी चांगली असते हे खरं आहे. ऑफिसची वेगळी, घरची वेगळी, आठवड्याची वेगळी. झालेल्या कामावर आडवी रेघ, राहिलेलं काम पुढच्या पानावर. ही सवय त्यांच्याच खोलीत लागली. ठाण्याहून टिटवाळ्याला घरी जाताना मध्ये डोंबिवलीला उतरायचं, दीड तास बसायचं आणि पुढची टिटवाळा गाडी धरायची. बसतं वेळापत्रकात, असा हिशेब करून मी हो म्हटलं.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. माई सकाळी एका तांब्यात दिवसभराचं पाणी भरून ठेवत, आणि भाऊसाहेब त्यातले दोन घोट शुक्रवारच्या भागासाठी राखत. भाग चालू असताना पेला खुर्चीच्या हातावर असायचा. कितीही घसा सुकला तरी नावांची पाटी सरकायला लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊसाहेब, मधेच घ्या की. एवढं काय आहे?" ते म्हणाले, "मग शेवटी काय उरतं?"

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक प्राध्यापक असायचे, तेही तीच मालिका बघायचे. शनिवारी सकाळी दोघांच्या सुया टोचून झाल्या की प्राध्यापक सुरू. "काय मग, कालचं बघितलंत का? मला तर वाटतं..." भाऊसाहेबांचा एक हात यंत्राला जोडलेला. ते दुसऱ्या हाताने खिशातून कापूस काढायचे आणि दोन्ही कानांत घालायचे. प्राध्यापक दुखावले. दादूस रिक्षातून नेआण करायचा, त्याने हे मला नक्कल करून दाखवलं. "मी बोललो, भाऊसायेब, माणूस मरणाच्या दारात बसलाय, जरा बोला की त्याच्याशी. तर बोलले, मरणाच्या दारात बसलोय म्हणूनच, उगाच अंदाज ऐकायला वेळ नाय."

मी उरकणारी बाई. पहिल्या महिन्यातच सुचवलं की हे दीडपट वेगाने लावता येतं, तासाचा भाग चाळीस मिनिटांत होतो. दादूसने लगेच रिमोट उचलला. भाऊसाहेब माझ्याकडे बघत राहिले. "बाई, दीडपट वेगाने वाचलेल्या फाइलवर मी कधी सही केली नाही." रिमोट खाली गेला.

भाग संपला, पाणी पिऊन झालं, की ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. कोणी केलं, हा नव्हे; तो विचारणाऱ्यावर ते चिडत. त्यांचा प्रश्न : "आज कोण खोटं बोललं?" माईंचं ठरलेलं उत्तर, "बायको." दादूस दर शुक्रवारी नवा माणूस पकडायचा, पुराव्याशिवाय, छातीठोक. मी कागदावर उतरवलेलं वाचून दाखवायची. एकदा माझं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आणि जे गप्प राहिले त्यांचं काय? गप्प राहणं खोट्यात धरायचं का, बाई?"

मी म्हटलं, "पुराव्यावर अवलंबून आहे."

"बरोबर," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

सातवी फाइल गेल्या नोव्हेंबरात उघडली. मालिका अशी : घाटावरचं एक जुनं विश्रामगृह, तिथला एकटा राहणारा खानसामा एका सकाळी नाहीसा होतो. सामान जागेवर, चूल गार, दार उघडं. दहा भाग, दर शुक्रवारी एक. पहिला भाग संपला तेव्हा आम्ही सगळे खानसाम्याबद्दल बोलत होतो. भाऊसाहेब नुसते लिहीत होते. दुसरा भाग अर्ध्यावर आला तेव्हा म्हणाले, "दादूस, थांबव. मागे घे. अजून मागे. पहिल्या भागात जा."

तीनदा मागेपुढे झालं. मग आम्हाला दिसलं. पहिल्या भागात स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यावर एक कापडी पिशवी टांगलेली आहे, दोन-तीन सेकंद दिसते. दुसऱ्या भागात तेच दार, तोच खिळा, पिशवी नाही. कोणी तिच्याबद्दल बोलत नाही.

"अरे, चुकून राहिली असेल," माई म्हणाल्या. "शूटिंगवाल्यांनी काढली असेल."

"असेल," भाऊसाहेब म्हणाले आणि यादीत पहिला क्रमांक टाकला. 'पिशवी कोणी नेली?'

मी तो प्रश्न माझ्या यादीत उतरवला नाही. का, ते आता लिहिते. इतकी वर्षं कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीकाठच्या एका गावातली कोळीण आमच्या कार्यालयात यायची. साठीची असेल. घर नवऱ्याच्या चुलतभावाच्या नावावर चढलं होतं आणि तिला ते दुरुस्त करून हवं होतं. तिच्याकडे सासऱ्याने करून दिलेलं मूळ वाटणीपत्र होतं, अंगठ्यासकट. नक्कल नव्हती. एक दिवस साहेब नव्हते, ती लांबून आलेली, परत यायला तिला जमेना. भाऊसाहेब म्हणाले, "ठेवून जा, बाय. मी आहे." तिने पिशवीसकट कागद दिला. पिशवीला आतून अस्तर होतं, कागद त्या अस्तरात, ओला होऊ नये म्हणून. भाऊसाहेबांनी ती दारामागच्या खिळ्यावर टांगली, उद्या साहेब आले की समोर ठेवायची म्हणून. त्या दुपारी त्यांना ताप भरला आणि ते चार दिवस रजेवर गेले.

त्या चार दिवसांत वरून तपासणी लागली. खोली स्वच्छ करा, यादी करा, निरुपयोगी काढा. ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते झपाट्याने केलं. आमच्याकडे कागदांचे वर्ग असतात. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे, 'ड' म्हणजे नष्ट करायचे. मी दीड दिवसात सगळी खोली अ ते ड लावली. ड च्या यादीत, तुटक्या छत्रीच्या खाली आणि सुकलेल्या शाईच्या बाटल्यांच्या वर, माझ्या अक्षरात एक ओळ आहे : 'कापडी पिशव्या (रिकाम्या) — ४.' तीन पिशव्या मांडणीमागे पडलेल्या होत्या. चौथी खिळ्यावर होती. मी आत हात घातला नव्हता. हाताला हलकी लागली म्हणून रिकामी लिहिलं.

भाऊसाहेब रजेवरून आले, खिळा बघितला आणि तीन दिवस खोली उपसली. पहिल्याच दिवशी दुपारी मला कळलं होतं. मी परिवीक्षेवर होते, नोकरी पक्की व्हायला पाच महिने होते. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. चौकशी झाली. भाऊसाहेबांना कारणे दाखवा नोटीस आली. तिचं उत्तर त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी टंकलिखित केलं. दोन ओळींचं होतं. 'पिशवी माझ्या ताब्यात होती. जबाबदारी माझी आहे.' त्यांना लेखी ताकीद मिळाली. तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली.

कोळीण पुढे दोन वर्षं येत राहिली. भांडली कधीच नाही. दारात उभी राहून विचारायची, "भाऊसायेब, माजी पिशवी गावली काय?" ते उठून उभे राहायचे. "नाही, बाय. शोधतोय." तिच्या प्रकरणावर साहेबांनी 'पुराव्याअभावी निकाली' असं लिहिलं. दप्तरी दाखल करायला फाइल आमच्याकडे आली. भाऊसाहेबांनी ती मांडणीवर ठेवली नाही, निवृत्त होईपर्यंत टेबलाच्या कप्प्यात ठेवली. शेवटच्या दिवशी माझ्या हातात दिली. "ही बंद झालेली नाही, लक्षात ठेवा." त्यानंतर नवे साहेब आले आणि फाइल मांडणीवर गेली. ते दोन शब्द मी लिहिले. सहीसुद्धा माझी आहे.

तर, त्या नोव्हेंबरातल्या शुक्रवारी मी घरी गेले आणि जुन्या वह्या काढून कच्च्या यादीतली ती ओळ पुन्हा वाचली. हे त्यांना माहीत असेल का, याचा विचार रात्रभर केला आणि ठरवलं की नसणार. माहीत असतं तर चौदा वर्षं माणूस गप्प कसा बसेल? मालिकेत पिशवी दिसली, त्यांना स्वतःची आठवली, एवढंच.

पुढचे शुक्रवार मला जड गेले. मालिका चांगली होती. खानसाम्याच्या पुतण्याचा संशय, मग डॉक्टरचा, मग विश्रामगृहाशेजारच्या जमिनीचा. एकेका प्रश्नावर खुणा होत गेल्या. पहिला क्रमांक तसाच. भाऊसाहेबांनी मालिका काढणाऱ्यांना पत्र धाडलं, खाकी पाकिटात, जावक क्रमांकासह. 'विषय : पहिल्या भागातील खिळ्यावरील पिशवीबाबत खुलासा मिळणेबाबत.' सोबत माईंचा ईमेल पत्ता दिला होता. त्यावर उत्तर आलं : 'तुमच्या प्रेमाबद्दल आभार! बघत राहा!' आणि एक लाल बदाम. त्यांनी माईंकडून ते छापून आणवलं, टाचणीने फाइलला लावलं आणि समासात लिहिलं, 'उत्तर अप्रस्तुत.'

"भाऊसायेब, एवढ्याशा पिशवीचं काय घेऊन बसलाय?" दादूस एकदा म्हणाला. "डाक्टर गावला की झालं ना?"

"डॉक्टर सापडेल रे. पोलीस कशाला आहेत?" भाऊसाहेब म्हणाले. "पकडला जाणं म्हणजे शेवट. त्याने आपल्या तोंडाने सांगणं म्हणजे निकाल. मला ही मालिका चांगली वाटते, कारण ती माणसाला वेळ देते. दहा भाग देते. एवढ्या वेळात कोणालाही बोलता येतं."

हे ते दादूसकडे बघून बोलले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

नववा भाग झाला, १० जानेवारी. त्या दिवशी त्यांचे पाय सुजले होते आणि श्वास लागत होता. दादूस रिक्षा बाजूला लावायला खाली गेला, माई आत भात लावत होत्या. पेल्यातलं पाणी त्यांनी प्यायलं नव्हतं.

"दहावा भाग मला मिळेल असं दिसत नाही," ते म्हणाले. "तुम्ही येऊन सांगाल?"

"असं काय बोलता? तुम्ही बघणार आहात."

"सांगाल का, ते विचारतोय."

"सांगेन."

"पिशवीचं पण?"

"मालिकेत आलं तर सांगेन."

"आणि मालिकेत नाही आलं तर?"

मी घड्याळ बघितलं. खरोखरच बघितलं. टिटवाळा गाडीला बारा मिनिटं होती. त्या दिवशीची यादी माझ्याकडे अजून आहे : कोथिंबीर, विरजणाला दही, गॅसवाल्याला फोन, इस्त्रीचे कपडे. मी म्हटलं, "गाडी चुकेल हो, भाऊसाहेब. पुढच्या शुक्रवारी निवांत बोलू."

"बोलू," ते म्हणाले. "सही करून जा."

मी हजेरीपत्रकावर जाण्याची वेळ टाकून सही केली. गाडी मिळाली. यादीतली चारही कामं झाली. मंगळवारी पहाटे माईंचा फोन आला.

तर दहावा भाग. तो आम्ही तिघांनी नीट, एकपट वेगाने बघितला. डॉक्टरनेच केलं होतं. दादूस दहापैकी तीन शुक्रवारी बरोबर निघाला. पुलावर जीप आडवी घालून पोलिसांनी डॉक्टरला पकडलं. तो म्हणाला, "मला वकील हवा." धुकं, घाट, नावांची पाटी. लोकांना हा शेवट आवडला असं मी नंतर ऐकलं. माझंही मत विचाराल तर, गुंफण चांगली होती, कुठे फसवलं नाही, माणसं शेवटपर्यंत माणसांसारखी वागली. संथ मालिका बघणाऱ्याच्या दहा तासांचं चीज झालं म्हणायला हरकत नाही. यादीत बत्तीस प्रश्न होते. मी खुणा करत गेले. एकतीस झाल्या.

पिशवी आली नाही.

"झालं?" दादूसने विचारलं. नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत आम्ही थोडा वेळ बसलो. आज कोण खोटं बोललं, ते कोणी विचारलं नाही. माईंनी उठून पेल्यातलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं आणि फाइल माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे द्यायची म्हणाला होता. निकाल तू लिहायचास."

मी तिथेच उघडली. डाव्या बाजूला त्यांची शेवटची टिप्पणी होती, नवव्या भागानंतरची, अक्षर थरथरतं पण ओळ सरळ. 'क्र. १, पिशवी. मालिकेकडून खुलासा अपेक्षित नाही. अव्वल कारकून यांच्याकडे अभिप्रायार्थ सादर.' आमच्या पद्धतीत, ज्याच्याकडे सादर करायचं त्याच्यासाठी खाली जागा सोडतात. अर्धं पान कोरं सोडलं होतं. अव्वल कारकून म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी बढती झाली तेव्हा पेढे घेऊन मी त्यांच्याच पाया पडायला आले होते.

उजव्या बाजूला, प्रश्नांच्या यादीखाली, एक जुना पिवळा कागद लावलेला होता. माझ्या अक्षरातली ड वर्गाची यादी, त्या तपासणीची, कार्यालयीन प्रत. टाचणीचा गंज कागदात उतरून तिच्याभोवती तपकिरी गोल झाला होता. असा गोल एका वर्षात होत नाही. 'कापडी पिशव्या (रिकाम्या) — ४' या ओळीखाली पेन्सिलची बारीक, पुसट होत गेलेली रेघ होती. बाकी काही नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं. उत्तर टंकलिखित करायला मला बसवलं तेव्हाही माहीत असणार. त्या दीड वर्षात सत्तरेक शुक्रवार त्यांनी मला चहा दिला, यादी वाचायला लावली, आणि वाट बघितली.

"काय झालं, मॅडम?" दादूस म्हणाला.

मग मी सांगितलं. माईंना आणि दादूसला, तिथेच, सगळं, गावाच्या आणि कोळणीच्या नावासकट. माई उठल्या. त्यांनी आत जाऊन कुकर उतरवला आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दादूस खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तो माज्या मामाचा गाव. म्हातारी हाय अजून. चुलत दिराच्या पोरांनी घर पाडून बांधला, ती बाजूच्या पडवीत ऱ्हाते. ऐकू कमी येतं. जोरात बोलावं लागंल."

"काय बोलू मी तिच्याशी?"

"पिशवी गावली का, ते इचारती ती अजून. येईल त्याला इचारती. तुमी सांगा, गावली नाय, मी टाकली." त्याने रिक्षाची किल्ली उचलली. "रविवारी सकाळी काढतो गाडी. अर्धा तास लागतो. कवा जायचा बोला."

मी म्हटलं, येत्या रविवारी.

त्या रविवारी मुलीच्या शाळेत पालकसभा होती, हे खरं आहे. त्याच्या पुढच्या रविवारी माझं डोकं दुखत होतं, तेही खरं आहे. मग कार्यालयात मार्चअखेर आली. मग आंब्यांचं लोणचं घालायचं होतं. दादूस दर शनिवारी फोन करतो. आता तो 'कवा जायचा' असं विचारत नाही. नुसतं म्हणतो, "म्हातारी हाय, मॅडम," आणि ठेवून देतो.

फाइल माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. अर्धं पान कोरं आहे. प्रत्येक रविवारच्या यादीत पहिल्या क्रमांकावर मी लिहिते, 'पिशवी — सांगून येणे', आणि रात्री ती ओळ पुढच्या पानावर घेते.

आज यादीत सात कामं होती. सहांवर आडवी रेघ आहे.